पाणी नाही म्हणणाऱ्या रूथमावशी

रूथमावशींच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य होतं, "न्हाई. पानी मिळनार न्हाई." ते मला उद्देशून नव्हतं. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा आपला एकच चालता हात वर करून पाणी मागत होता आणि ही ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई त्याला सरळ नाही म्हणत होती. मी दारात उभी होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सहा महिन्यांच्या नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सचं सर्टिफिकेट आणि घडी न मोडलेला युनिफॉर्म. नोकरीचा पहिला दिवस, त्यातली पहिली पाच मिनिटं. मला वाटलं, कुठं येऊन पडले मी.

ही गोष्ट नगरची. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण बोलताना आमच्या तोंडात नगरच येतं. नागापूरच्या एमआयडीसीच्या पुढं, कारखान्यांच्या कुंपणाला लागून एक संस्था आहे. घरी ज्यांचं करणं होत नाही, अशा अंथरुणाला खिळलेल्या लोकांना तिथं ठेवतात. कुणी वर्ष काढतं, कुणी पाच वर्षं. बरं होऊन घरी गेलेला पेशंट मी पहिल्या वर्षात एकही पाहिला नाही. माझा नवरा जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे आणि आमची खोली तिथून चालत दहा मिनिटांवर, म्हणून मी ही नोकरी धरली. सेवाभाव वगैरे काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या बावीस खाटांवर कागदोपत्री एक सिस्टर इन्चार्ज होत्या आणि आठवड्यातून दोनदा डॉक्टर यायचे. प्रत्यक्षात वॉर्ड चालायचा तो रूथमावशींवर. वय साठीच्या आसपास, नेमकं किती ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मूळच्या देवळाली प्रवराच्या, पणजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. एवढी माहिती त्यांनी दिली, तीही मी तीनदा विचारल्यावर, आणि देऊन झाल्यावर म्हणाल्या, "झालं समाधान? आता सात नंबरचं अंथरून बदल."

त्या वॉर्डात शिरल्या की आधी दारात थांबायच्या आणि नाकानं दोनदा श्वास ओढायच्या. मग कुठल्या खाटेवर ओलं आहे ते सांगायच्या. मी सुरुवातीला नाकाला रुमाल लावायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो रुमाल माझ्या हातातून काढून घेतला. "नाक झाकलंस तर तुला कळनार कसं कोन सडायला लागलंय ते?" मी त्या दिवशी दोनदा मोरीत जाऊन ओकले. दोन्ही वेळा त्या दाराबाहेर उभ्या होत्या. पाठीवरून हात फिरवायला नव्हे. ओकून झालं की हात साबणानं धुते का नाही, ते बघायला.

पेशंटच्या अंगाला हात लावण्याआधी त्या आपले हात काखेत धरून गरम करायच्या. आणि जे करणार ते आधी बोलून दाखवायच्या. "आता डावा पाय उचलते. आता कुशीवर घेते. आता पाठ पुसते, गार लागंल." ज्याला काही कळत नाही अशा पेशंटलाही तसंच. एकदा मी एका आजींना "झालं हं बाळा, झालं हं सोन्या" असं म्हणत भरवत होते. कोर्सच्या बाईंनी प्रेमानं बोलायला शिकवलं होतं. मावशींनी मला बाजूला घेतलं. "ती शाळेत मास्तरीन हुती. तिला सोन्या म्हनू नको. ती म्हातारी हाय, तान्ही न्हाई."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याशी एक खेळ केला. खेळ म्हणायचा तर म्हणू. दुपारी एका रिकाम्या खाटेवर मला झोपायला लावलं आणि म्हणाल्या, "एक तास पडून ऱ्हा. हात न्हाई हलवायचा, पाय न्हाई हलवायचा." मला मजा वाटली. म्हटलं चला, कामाच्या वेळात झोप. दहा मिनिटांत नाकावर माशी बसली. अर्ध्या तासात चादरीची एक वळी माकडहाडाखाली चाकूसारखी लागायला लागली. मग मावशी वाटी घेऊन आल्या, माझ्या उशाशी उभ्या राहिल्या आणि पडल्या पडल्या माझ्या तोंडात खिचडीचा मोठा घास घातला. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, जीव घाबरला. त्यांनी मला उठवून बसवलं आणि एवढंच म्हणाल्या, "तुला उठता आलं."

तिथून पुढं त्यांनी मला भरवायला शिकवलं. भरवताना त्या कधी उभ्या राहायच्या नाहीत. पेशंटला उशा लावून ताठ बसवायचं आणि आपण एका बुटक्या स्टुलावर, त्याच्या छातीच्याही खाली बसायचं. "आपन उभं ऱ्हायलो की पेशंट वर बगतो. वर बगून गिळलं की घास वाट चुकतो. आपन खाली बसलो की तो खाली बगतो." चमचा लहान, अर्धाच भरलेला. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की मगच दुसरा. आणि मध्ये मध्ये पेशंटला नाव सांगायला लावायच्या. आवाज कोरडा आला तर पुढचा चमचा. आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला की वाटी खाली. बावीस पेशंटांपैकी सहा जणांना गिळायचा त्रास होता आणि त्या सहांचं भरवणं मावशी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

खिडकीजवळचे ते म्हातारे या सहांपैकी एक. त्यांना सगळे बापू म्हणायचे. पारनेरकडचे शेतकरी. लकव्यानं उजवं अंग गेलं होतं आणि त्याबरोबर अर्धा घसाही. बोलणं जड पण समजायचं. पातळ काहीही दिलं की ते पोटाऐवजी छातीत उतरायचं, म्हणून डॉक्टरांनी पाणीसुद्धा पावडर घालून पेजेसारखं घट्ट करून, चमच्यानं द्यायला सांगितलं होतं. नुसतं पाणी बंद. तोंड कोरडं पडलं की ओल्या कापसानं ओठ पुसायचे, बस.

मीही पारनेर तालुक्यातली. आमच्याकडं पावसाचा भरवसा नाही, उन्हाळ्यात टँकरवर नजर लावून बसायचं. माझी आई दोन हंडे चार दिवस पुरवायची, पण दारात कुणीही आलं तरी पहिला तांब्या पाण्याचा. आधी पाणी, मग कोण, कुठले, काय काम. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि इथं ही बाई दिवसातून वीस वेळा नाही म्हणायची, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता.

बापूंना त्या घट्ट पाण्याचा संताप यायचा. "ह्यो काय डिंक हाय का पाकिटं चिकटवायचा?" ते चमचा उडवून द्यायचे. मावशी साडी पुसून दुसरा भरायच्या. एकदा बापू रागाच्या भरात म्हणाले, "तुमची मानसं आमच्या दारात पानी मागाया यायची. लांब हुबी ऱ्हायची. आन् आज तू मला पानी न्हाई म्हनती."

मावशी चमच्याचं बूड वाटीच्या काठाला पुसत म्हणाल्या, "व्हय, यायची. माझा आजा यायचा. वंजळ धरायचा आन् वरून वतायचे. म्हनून सांगते बापू, कुनाला पानी न्हाई म्हनायला मला लई अवघड जातं. तोंड उघडा."

बापूंनी तोंड उघडलं. मी शेजारच्या खाटेवरची चादर दुमडत होते, ती परत उलगडून परत दुमडली. आमच्या घरच्या जुन्या माणसांनीही कुणाच्या तरी ओंजळीत असंच वरून ओतलं असणार, हे मला त्याच क्षणी कळलं. कळलं तरी मी काही बोलले नाही. बोलायच्या वेळी गप्प बसायची माझी सवय जुनी आहे, आणि ती पुढं कुणाच्या जिवावर आली तेच सांगायचं आहे.

माझ्या नोकरीला दोन महिने झाले होते. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. वर्षात ह्या एका दिवशी रूथमावशी दुपारी बारा ते तीन सुट्टी घ्यायच्या, चर्चच्या उपासनेसाठी. जाताना त्यांनी पांढरी साडी नेसली होती. मला म्हणाल्या, "सहा जनांचं जेवान मी भरवून चालले. मी येस्तवर त्यांना कायबी द्यायचं न्हाई. बापू मागतील. कापूस लाव. आन् ध्यानात ठेव, दया पोटात ठेवायची, हातात न्हाई."

एप्रिलचं ऊन. कारखान्यांच्या पत्र्यांवरून झळा यायच्या. वीज गेली आणि पंखे थांबले. दीडच्या सुमाराला बापूंनी सुरू केलं. आधी हाका, मग शिव्या, मग रडणं. मी दोनदा कापूस लावला. त्यांनी तो दातात धरून चोखला, सोडेनात. मला ते बघवेना. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तू आमच्याकडची ना? तुझ्या बापानं मागितलं अस्तं तर? एक घोट दे. त्या बाईला कळनार न्हाई."

मी माठातून ग्लास भरला. खाटेशी उभी राहिले, डाव्या हातानं त्यांची मान सावरली आणि ग्लास ओठाला लावला. बापू मान वर करून घटाघट प्यायले. मी श्वास रोखून ठसक्याची वाट बघत होते. ठसका आला नाही. काहीच झालं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा मी ह्या जागी काही चांगलं केलं. मावशींचा मला रागही आला. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला कुत्र्यासारखं तरसवायचं? मी त्यांना आणखी अर्धा ग्लास दिला.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, की घसा बधिर झालेल्या माणसाला ठसका लागतच नाही. पाणी गुपचूप छातीत उतरतं.

साडेतीनला मावशी आल्या. साडी बदलायच्या आधी सहाही खाटांवरून फिरल्या. बापूंजवळ थांबल्या. "बापू, नाव सांगा." बापूंनी नाव सांगितलं. आवाज गुळण्या केल्यासारखा आला. मावशींनी माझ्याकडं पाहिलं.

"काय दिलं?"

"काही नाही. कापूस लावला."

"पानी पाजलं का?"

"नाही, मावशी."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं," आणि बापूंना कुशीवर घेऊन पाठ थोपटायला लागल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ते मला आजही सहन होत नाही. एवढी नाकानं सगळं ओळखणारी बाई, पण आपल्या हाताखालची पोर तोंडावर खोटं बोलेल हे तिच्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी बापूंना कणकण आली. शनिवारी सकाळी ताप होता. डॉक्टरांचा तो यायचा दिवस. त्यांनी छाती तपासली, जीभ पाहिली आणि विचारलं, "खाण्यापिण्यात काही गेलं का?" मावशी म्हणाल्या, "न्हाई साहेब. हिला इच्यारलं मी." डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी ट्रे धरून उभी होते. त्या ट्रेमध्ये काय काय होतं ते मला अजून पाठ आहे: थर्मामीटर, कापसाची डबी, दोन कात्र्या. सांगायला चार शब्द पुरे होते. पण पहिलीच नोकरी, त्यातून काढून टाकतील, नवऱ्याला काय सांगू, असल्या विचारांनी माझी जीभ उचलली नाही. वॉर्डात आणखी दोघांना लघवीच्या जंतूंचा ताप होता. डॉक्टरांना हाही तोच वाटला. त्यांनी त्याचं औषध लिहिलं आणि सोमवारी बघू म्हणाले.

रविवारी सकाळी सातला मी ड्यूटीवर आले तेव्हा बापूंचा श्वास वरच्या वर चालला होता. सिस्टरनं अँब्युलन्स मागवली. ती फाटकात शिरली आणि बापू गेले. त्या दिवशी ईस्टर होता. रूथमावशी चर्चला गेल्या नव्हत्या, रात्रपाळीच्या बाईचा फोन आल्यावर पहाटेच धावत आल्या होत्या.

पडदा लावून आम्ही दोघी बापूंना पुसायला लागलो. मावशींनी हात काखेत धरून गरम केले. मग म्हणाल्या, "बापू, आता तोंड पुसते. आता मान वळवते." माझ्यानं पुढं ऐकवेना. मी म्हटलं, "मावशी, मी पाणी पाजलं होतं. शुक्रवारी. दीड ग्लास."

त्यांचा हात थांबला नाही. गळा पुसला, काखा पुसल्या. "बापू, आता कुशीवर घेते," म्हणाल्या आणि मला, "धर." मी धरलं. पाठ पुसून झाली, धोतर नेसवून झालं, हनुवटीला पट्टी बांधून झाली. मग त्यांनी हात धुतले, माझ्या दंडाला धरून मला सिस्टरच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "हिला कायतरी सांगायचंय."

मी सांगितलं. सिस्टरनं डोक्याला हात लावला. डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, "त्यानंच झालं असेल, किंवा स्वतःची थुंकी उतरूनही झालं असेल. ह्या वयात काही सांगता येत नाही." संस्थेच्या व्यवस्थापकांनी हे वाक्य लगेच उचलून धरलं. "सांगता येत नाही ना? मग बाहेर कुणी काही सांगायचं नाही." माझी नोकरी अशी वाचली.

दुपारी बापूंचा मुलगा दत्ता आला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, चप्पल बाहेर काढून अनवाणी आत आलेला माणूस. बापाच्या पायावर डोकं ठेवून रडला. मग डोळे पुसत आम्हा दोघींना विचारलं, "शेवटी पानी मिळालं का बापूला? लई तहान तहान करायचा. मला फोनवर बी म्हनायचा, दत्ता, ही लोकं पानी देत न्हाईत. तेवढंच एक मनात ऱ्हायलंय बगा."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. वाट बघत होत्या. मी जमिनीकडं पाहिलं.

"मिळालं," मावशी म्हणाल्या. "हिनं पाजलं."

दत्तानं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरकेपर्यंत लावूनही झाला. "ताई, तुमचे उपकार हायेत," तो म्हणाला. "दहाव्याला याच. दोघीबी या."

तो गेल्यावर मावशी मला म्हणाल्या, "मी खोटं बोलले न्हाई. पन अर्धंच बोलले. ऱ्हायलेलं अर्धं तुझं हाय. दहाव्याला सांग. मी संगं येते."

आम्ही गेलो. पारनेरच्या पुढं आठ-दहा किलोमीटरवर त्यांचं गाव. ओढ्याकाठी विधी झाला, कावळा लगेच शिवला, लोक म्हणाले, बघा, काही इच्छा राहिली नव्हती. मग घरी. ओट्यावर सतरंजी टाकली होती. दत्ताच्या बायकोनं आम्हाला नाव-आडनाव विचारलं. आत गेली आणि मला तांब्या-पेल्यातून पाणी आणलं, रूथमावशींना कागदी ग्लासातून. मावशींनी ग्लास घेतला, पाणी प्यायल्या आणि ग्लास चुरगाळून आपल्या पिशवीत ठेवला. मी पेला हातात धरून बसले होते.

दत्तानं भावकीतल्या म्हाताऱ्यांना बोलावून माझ्याकडं बोट केलं. "ह्याच त्या ताई. बापूला शेवटचं पानी पाजलं ह्यांनी." एका आजीनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. सुतकाचं घर, तरी माझी खणा-नारळानं ओटी भरली. मावशी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. एकदा त्यांनी गुडघ्यानं माझ्या गुडघ्याला हलकेच ढकललं. मी तोंड उघडलं, आणि आवाज आला तो "येतो आता आम्ही" असा.

परतीच्या गाडीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. नारळ माझ्या मांडीवर होता. तो मी घरी नेला नाही, रस्त्यातल्या एका देवळाच्या पायरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता मला धुण्या-पुसण्याला लावतील. मावशींनी बुटकं स्टूल माझ्यापुढं सरकवलं. "आजपासनं पाची जनांना तू भरवायचं." बापू गेल्यामुळं सहाचे पाच झाले होते. मी चमचा अर्ध्याऐवजी पावच भरायचे. त्या पंधरा दिवस शेजारी उभ्या राहून बघत होत्या. कौतुक नाही, टोमणा नाही. चुकलं की नुसतं "हं" म्हणायच्या. सोळाव्या दिवशी उभ्या राहिल्या नाहीत, दुसऱ्या कामाला गेल्या. ती शिक्षा होती की विश्वास, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्यांना तो फरक करायला वेळ नव्हता. पाच माणसं भुकेली होती आणि पाणी पाजल्यानं काय होतं हे सगळ्या वॉर्डात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं. गुडघे गेले होते. देवळाली प्रवराला भाचीकडं राहायला गेल्या. निरोपाला पेढे आणले होते, ते त्यांनी मोजून सतरा जणांनाच दिले. पाच जणांना मी माझ्या हातानं पेढा दुधात कालवून, घट्ट करून दिला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवतील असं वाटलं होतं. त्यांनी सात नंबरच्या पेशंटची टाच बघायला सांगितली, लाल दिसत होती म्हणे, आणि रिक्षात बसल्या.

दोन वर्षांनी, थंडीत, मी त्यांना भेटायला गेले. सांगण्यासारखं बरंच होतं. नव्या मुलींना आता मी शिकवते. त्यांना खाटेवर तासभर झोपवते. खाली बसून भरवा म्हणून ओरडते. डॉक्टर माझं नाव घेऊन बोलतात. देवळालीत ऊसतोड चालू होती, रस्त्यावर पाचोळा आणि ट्रॅक्टरांची रांग. भाचीच्या घराच्या ओट्यावर उन्हात रूथमावशी बसल्या होत्या, पुढं परात, परातीत भुईमुगाच्या शेंगा. बारीक झाल्या होत्या. हात मात्र तसेच, रुंद. मी पाया पडले. सगळं सांगितलं. त्यांनी शेंगा फोडत ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "पारनेरला गेलीस का परत?"

"नाही, मावशी."

"मग माझ्याकडं कशाला आलीस?"

आवाजात राग नव्हता. खरोखरच कळत नव्हतं त्यांना, मी कशाला आले ते. थोड्या वेळानं त्यांनी परातीतून मान वर न करता सांगितलं, "साडेबाराला नगरची गाडी हाय. फुडं पारनेरची मिळंल."

मी गेले. दत्ता घरीच होता, गोठ्यात. मला बघून त्याला आनंद झाला, बायकोला हाक मारली. मी ओट्यावर चढले नाही. खाली उभी राहूनच सगळं सांगितलं. दीड ग्लास पाणी, रूथमावशींशी बोललेलं खोटं, डॉक्टरांसमोर गप्प बसणं, दहाव्याला भरून घेतलेली ओटी. तो गोठ्याच्या खांबाला धरून ऐकत होता. मग म्हणाला, "बापूला शेवटी पानी मिळालं, एवढ्या एका गोष्टीवर मी अडीच वर्सं काढली, ताई. तुमी मला हे सांगायला नको हुतं." तो आत गेला आणि बाहेर आला नाही. त्याची बायको दारात उभी होती. तिनं मला पाणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा देवळालीला गेले. या वेळी चिडून गेले. सहा दिवस मला झोप नव्हती. मावशी तिथंच बसल्या होत्या, तीच परात. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. म्हटलं, "तुमचं ऐकून मी सांगितलं. काय झालं? त्या माणसाकडं होतं नव्हतं ते समाधान मी काढून घेतलं. तो म्हणाला, मला हे सांगायला नको होतं."

"त्याचं बरोबर हाय," मावशी म्हणाल्या.

"त्याचं बरोबर, तुमचंही बरोबर. मग मी करायचं काय होतं?"

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले, टरफल बाजूच्या ढिगावर. माझ्याकडं पाहिलं. ज्या नजरेनं पेशंटची पाठ तपासायच्या, त्याच नजरेनं.

"शनवारी सांगायचं हुतं, डाक्टरांना," त्या म्हणाल्या.

मग भिंतीला धरून उठल्या, परात कमरेवर घेतली आणि आत गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.